बर्फाच्या वहीची मागची पानं

पुढून वही कारखान्याची:
कुठल्या बोटीला किती लाद्या,
कोण सही न करताच मिरकरवाड्याच्या जेटीकडे पळाला.
मागून उघडली की माझी.

तारीख, गाव, शाहीर, मृदंगावर कोण,
लाईट किती वेळा गेली.
अभिप्राय लिहीत नाही.
एकदाच लिहिला, हातखंब्याच्या बारीत:
'आवाज बसलाय, पण बसलेला बरा वाटतो.'
तो शाहिराच्या मेव्हण्याने वाचलान
आणि दोन महिने आमचा बर्फ घेतलान नाही.

शक्तीवाल्यांचा तू की तुरेवाल्यांचा?
मी शेवटच्या एसटीचा.
ती दरवर्षी चुकते,
मग उजाडेपर्यंत दोन्ही बाजूंचा.

गंगाराम रेवाळे मृदंगाच्या धुमाला कणीक लावतो
तेव्हा मांडवातली पोरं गप्प होतात.
अंगठ्याने दाबतो, थापतो, ऐकतो,
चिमूटभर काढून पुन्हा लावतो.
वीस वर्षं बघतोय.
किती लावायची ते अजून कळलेलं नाही.

आणि 'साडेसात नॉट'.
नाचण्याच्या आंब्याच्या शेडमध्ये तालीम,
मार्चअखेर पेट्या आल्या की हाकलपट्टी.
नौफिल वस्ताची गिटार, सिद्धांत भाटकरचे ड्रम,
गायला ओवी शिवलकर, जी म्हणायची
'आमच्या घराला तीन बाजूंनी समुद्र
चौथ्या बाजूला मामा'
आणि हसू आलं की पुढची ओळ विसरायची.
त्यांचे नऊ कार्यक्रम झाले. नऊही माझ्याकडे आहेत.
पाचव्यात झांज स्टँडवरून पडली, फरशीवर,
कडेचा नखाएवढा तुकडा उडाला.
मी शोधला. मिळाला नाही.

मग भाट्याच्या वाळूत तीन दिवसांचा महोत्सव.
स्टेज बाहेरून आलेलं, सहा ट्रक,
रात्री नऊचा गायकही बाहेरचा.
आमच्यांना दुपारी साडेचार, ऊन थेट डोळ्यांत.
ओवीला पंधरा मिनिटं म्हणाले, बाराव्याला हात दाखवला.
शाहीर धोंडू गोताडांना सात.
रात्रभराची बारी, सात मिनिटं!
सवाल झाला.
जवाबाला वेळ नव्हता.
घुंगरं बांधलेले बारा जण
पायऱ्या उतरताना वाजत राहिले,
आणि निवेदक म्हणाला, जोरदार टाळ्या.
वहीत आहे: माणसं अकरा, त्यातली दोन साऊंडवाल्यांची.
कुत्री तीन.
नऊच्या गायकाला थांबलो नाही. चांगला होता म्हणतात.

पावसानंतर नौफिल दोह्याला, एसीच्या कामावर.
सिद्धांत पुण्यात.
ओवी जयगडला बंदरात, पाळी रात्रीची.
एकदा फोन केलान, म्हणाली, काका, कुठे बारी आहे का?
मी सांगितली.
म्हणाली, सुट्टी नाही.
ड्रम विकले. कुणाला, ते विचारायचं राहिलं.

माघात कोतवड्याची बारी.
गोताड उभे, समोर लांज्याची मंडळी,
दोन वाजून गेलेले, चहाचं पातेलं दुसऱ्यांदा चढलेलं.
गोताडांनी जवाबाची शेवटची ओळ टाकली
आणि मागे काहीतरी फुटलं.
सगळ्यांनी माना वळवल्या.
बांबूला सुतळीने बांधलेली झांज,
थरथरतेय अजून,
आणि एक पोरगा तिला तळहाताने धरून गप्प करतोय.
"ह्ये काय आनलंव रं? लगीन हाय का?"
पुढच्या ओळीतला म्हातारा.
रेवाळे मृदंगावरून मान वर न करता म्हणाला,
"भाचा हाय."
एवढंच, जणू त्यातच सगळं आलं.

लांज्याच्या शाहिराने पुढच्या फेरीला त्या झांजेचीच टर उडवलीन.
लोक लोळले. पोरगा लाल झाला
आणि नेमका तिथेच, त्याच्या यमकावर,
पुन्हा हाणलान.

उजाडताना मी मागे गेलो.
पोरगा मृदंगाची वाळलेली कणीक खरवडत होता,
कावळ्यांसाठी कौलावर टाकत होता.
नाव विचारलं. सांगितलंन.
झांज उलटी करून बघितली.
कडेला नखाएवढी जागा रिकामी.

वहीत 'मृदंगावर कोण' असा रकाना आहे,
'झांजेवर कोण' असा नाही.
पट्टी नव्हती. हातानेच ओढला,
वाकडा आला,
पान संपायच्या आत पुढच्या बाजूच्या
बर्फाला जाऊन टेकला.